रीफ टँकवर ‘यूव्ही’ एलईडी: लावायचा का, लावला तर किती आणि कसा

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा घरगुती टँक. त्याच्या लाइटच्या खोक्यावर ‘यूव्ही’ छापलेलं असलं, तरी आतल्या चिपा बहुतेक वेळा ३९५ ते ४२० नॅनोमीटरच्या, म्हणजे जांभळ्या असतात. खरा अतिनील पट्टा ४०० च्या खाली सुरू होतो. जांभळ्या चिपांचा कोरलला थोडा फायदा आहे. ३८० च्या खालच्या प्रकाशाची घरच्या टँकला गरज नाही, त्याचा त्रास मात्र होऊ शकतो. शिवाय हा थोडा फायदा दिसायला टँकचं तापमान, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) आणि निळा प्रकाश आधी जागेवर असावा लागतो. लातूर-परभणीच्या मे महिन्यात ज्याचा टँक ३१ अंशांवर जातोय, त्यानं जांभळ्या चिपांचे पैसे आधी पंख्यावर किंवा चिलरवर (पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर) घालावेत.

आकडे नीट बघून घ्या

१०० ते २८० नॅनोमीटर म्हणजे यूव्ही-सी, २८० ते ३१५ यूव्ही-बी, ३१५ ते ४०० यूव्ही-ए. त्यापुढं जांभळा आणि निळा. ४०० ते ७०० हा पट्टा प्रकाशसंश्लेषणासाठी मोजतात. एका चौरस मीटरवर सेकंदाला या पट्ट्यातले किती मायक्रोमोल फोटॉन पडतात, त्या आकड्याला टँकवाले ‘पार’ म्हणतात.

यूव्ही-सी जंतू मारायला वापरतात. स्टरिलायझरमधली २५४ नॅनोमीटरची ट्यूब बंद नळीत असते आणि पाणी तिच्याभोवतीनं फिरतं. ती तिथंच राहू द्या. किचनमधल्या आरओ-यूव्ही प्युरिफायरची जुनी ट्यूब टँकवर लावायचा विचार तर मनातही आणू नका. कोरलचे पॉलिप (त्याचे छोटे तोंडवाले जीव) जळतात आणि झाकण उघडून बघणाऱ्याचे डोळेही भाजतात. बाजारात निर्जंतुकीकरणासाठी म्हणून मिळणाऱ्या २६५-२८० च्या एलईडी पट्ट्यांनाही हेच लागू.

विकत घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: चिपा किती, नेमक्या किती नॅनोमीटरच्या आणि त्या कोणत्या चॅनलवर, म्हणजे कोणत्या नॉबच्या ताब्यात. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दोन नॉबांच्या स्वस्त काळ्या पेटीत जांभळ्या चिपा सहसा निळ्याच्याच चॅनलवर जोडलेल्या असतात. निळा वाढवला की जांभळाही वाढतो, वेगळा कमी-जास्त करता येत नाही. अशी पेटी घरात असेल तर वरनं आणखी यूव्ही पट्टी लावू नका, आधीच पुरेसा आहे.

चिप किती नॅनोमीटरची हे घरी साधारण तपासता येतं. टिनोपॉल लावून धुतलेलं पांढरं फडकं अंधारात त्या प्रकाशात धरा, ते निळसर चमकेल. आता मध्ये यूव्ही ४०० लेन्सचा चष्मा धरा. चमक जवळपास गेली तर चिप ४०० च्या खालची. बरीचशी टिकली तर ४०० च्या वरची, म्हणजे आपल्याला हवी तीच. हे करताना चिपेकडं थेट बघू नका. जांभळा प्रकाश डोळ्याला मंद वाटतो, त्यामुळं बाहुली आकसत नाही आणि आत जायचं तेवढं जातंच.

कोरलला नेमकं काय मिळतं

कोरलच्या पेशीत राहणारं शैवाल, झूझँथेली, हेच त्याला बहुतेक अन्न पुरवतं. त्यातल्या क्लोरोफिल-ए चं शोषण ४३० च्या आसपास सर्वाधिक, क्लोरोफिल-सी२ चं ४५० च्या आसपास, आणि पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य त्याच्याही पुढं हिरव्या पट्ट्यापर्यंत प्रकाश पकडतं. म्हणून ४५० ची रॉयल ब्लू चिप हाच टँकचा कणा. ४१५ ते ४३० चा जांभळा क्लोरोफिल-ए ला थेट लागू पडतो. ४०० ची चिप थोडी कमी, पण वाया जात नाही.

रंगाची गोष्ट वेगळी. कोरलमध्ये प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत टाकणारी प्रथिनं असतात. त्यातली निळसर-आकाशी प्रथिनं ४०० ते ४५० मध्ये चेततात, बहुतेक हिरवी ४८०-५०० च्या आसपास. त्यामुळं हिरवा झोआ (बटणासारखे पॉलिप असलेला झोआँथस) रॉयल ब्लूमध्येच झगझगतो. ४०० ची चिप लावल्यावर खरा फरक पडतो तो आकाशी आणि काही नारिंगी रंगांत. लाल रंगाचं एक उदाहरण खास आहे: ट्रॅकीफिलिया या कोरलमधलं काएदे नावाचं प्रथिन जपानी संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलं. ते आधी हिरवं असतं, ३५० ते ४०० नॅनोमीटरचा प्रकाश पडला की कायमचं लाल होतं. म्हणजे ‘यूव्हीनं रंग येतो’ ही नुसती अफवा नाही, काही जातींत ते अक्षरशः खरं आहे.

मात्र ट्रॅकीफिलिया हे कठीण प्रवाळ, ते आपल्याकडं ठेवायचं नाही. कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. त्यामुळं पुढचं सगळं मऊ कोरल, म्हणजे मशरूम, झोआ, लेदर, झेनिया आणि ग्रीन स्टार पॉलिप धरून लिहिलं आहे. कोकणच्या किनाऱ्यावरनं दगडासकट उचलून आणलेलं काही टँकमध्ये टाकू नका.

उलट बाजूही आहे. अतिनीलपासून वाचायला कोरल स्वतःच एक ढाल तयार ठेवतं. १९६९ साली शिबाता या जपानी शास्त्रज्ञांना ग्रेट बॅरिअर रीफच्या कोरलमध्ये ३२० नॅनोमीटरच्या आसपास शोषण करणारा पदार्थ सापडला. पुढं तो मायकोस्पोरिनसारख्या अमिनो आम्लांचा गट निघाला. ही ढाल प्रकाशानुसार कमी-जास्त होते आणि ती उभी राहायला वेळ लागतो. महिनोन्महिने एलईडीखाली वाढलेल्या फ्रॅगकडं (कोरलच्या तोडून लावलेल्या तुकड्याकडं) ती पुरेशी नसते. हवाई बेटांवर पॉल जोकिएल या शास्त्रज्ञांनी १९८० साली दाखवलं की सावलीत वाढणारे स्पंज, ट्युनिकेट (पिशवीसारखे समुद्री जीव) वगैरे उघड्या उन्हात ठेवले तर मरतात, आणि फक्त अतिनील गाळून तेच ऊन दिलं तर वाचतात. टँकमध्ये दगडाच्या पोटाला चिकटलेले स्पंज असेच. दगड उलटा करून लाइटखाली ठेवायची हौस त्यांना महागात पडते.

यूव्ही लावायच्या आधी

टँक २४ ते २७ अंशांवर राहतो का? सॅलिनिटी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे हायड्रोमीटरवर १.०२५-१.०२६, आहे का? झोआ-मशरूमच्या जागी निळा-पांढरा मिळून ५० ते १५० पार पोचतो का? तिन्हीचं उत्तर हो असेल तरच पुढं जा.

मराठवाड्यात यातलं पहिलंच अवघड. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ असताना पत्र्याखालच्या खोलीत टँक २७ वर ठेवणं चिलरशिवाय जमत नाही. सिमेंटच्या घरात, तळमजल्याला, सम्पवर (टँकला जोडलेल्या खालच्या टाकीवर) दोन पंखे लावून २ ते ४ अंश खाली आणता येतात, कारण आपली उन्हाळी हवा कोरडी आणि पाणी भरभर उडतं. पण त्याच खोलीत कूलर चालू केला की हवेत ओल वाढते आणि सम्पच्या पंख्याची निम्मी कमाई जाते. कूलर शेजारच्या खोलीत ठेवा, किंवा खिडकी उघडी ठेवून हवा बाहेर निघेल असं बघा. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त शून्य टीडीएसचं आरओ-डीआय (आरओनंतर रेझिनमधनं गाळलेलं) पाणी घाला. बोअरच्या पाण्याचा टीडीएस मीटरवर हजाराच्या आसपास दिसला तर नवल नाही. तेच पाणी रोज वर घातलं तर महिन्याभरात टँकची केमिस्ट्री कुठल्या कुठं जाते. टँकरच्या पाण्याची तर दर खेपेला वेगळी तऱ्हा.

तापमान आणि जांभळा प्रकाश यांचा ताण एकमेकांत मिळतो. गरम पाण्यात झूझँथेलीची प्रकाश पचवायची क्षमता घटते. जो प्रकाश जानेवारीत झेपतो तोच मेमध्ये कोरल पांढरं करतो. म्हणून नवीन यूव्ही चॅनल सुरू करायचा महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेमध्ये सुरू करू नका.

एक साधा हिशेब

समजा ४०० नॅनोमीटरच्या चार चिपा आहेत, ‘३ वॉट’च्या. ५०० मिलिअँपिअरवर आणि ३.४ व्होल्टवर प्रत्येकीला प्रत्यक्षात १.७ वॉट मिळतात. त्यातला साधारण ४० टक्के प्रकाश होतो, म्हणजे ०.७ वॉट. चार चिपांचे २.८ वॉट. ४०० नॅनोमीटरला एका वॉटमागं सेकंदाला ३.३ मायक्रोमोल फोटॉन निघतात, म्हणजे एकूण सव्वानऊ. दोन बाय दीड फुटाच्या टँकचं क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर. भागाकार केला की ३३ पार येतात. भिंती, पाण्याचा पृष्ठभाग आणि खोली यांत निम्मे गेले असं धरलं तर कोरलपर्यंत १७ च्या आसपास.

१७ पार मशरूमसाठी थोडे नाहीत. ५० पारवर खूश असलेलं मशरूम एकदम ६७ वर गेलं तर अंग चोरतं. आणि हे सगळं डोळ्याला दिसतच नाही. दिवसाच्या उजेडात डोळा सर्वाधिक संवेदनशील असतो ५५५ नॅनोमीटरला. ती संवेदनशीलता १ धरली तर ४०० ला ती ०.०००४ भरते. म्हणून लक्स मीटर आणि मोबाइलचं लक्स अॅप इथं निरुपयोगी आहे, ते जांभळ्याला शून्याच्या जवळ दाखवणार. पार मीटर उसना आणत असाल तर मॉडेल बघा. अपोजी कंपनीचा जुना सेन्सर ४१० च्या खाली जवळपास आंधळा आहे. नवीन ‘फुल स्पेक्ट्रम’ एमक्यू-५१० साधारण ३८९ पासून मोजतो, तोच घ्या.

पट्टी बनवायची तर

तयार लाइटमध्ये वेगळा यूव्ही चॅनल असेल तर हा भाग सोडून पुढं जा.

दोन बाय दीड फुटाच्या टँकला ४०० ते ४०५ नॅनोमीटरच्या चार चिपा, २० मिलिमीटरच्या स्टार बोर्डवर (धातूच्या छोट्या चकतीवर) लावलेल्या. ३६५ किंवा ३८५ च्या घेऊ नका, स्वस्त मिळाल्या तरी. सुमारे १५० बाय ६० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पातीवाला हीटसिंक. थर्मल पेस्ट, एम-३ स्क्रू, नायलॉनचे वॉशर. २४ व्होल्ट २ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि ५०० मिलिअँपिअरचा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, मीनवेल एलडीडी-५००एच किंवा त्याच्या तोडीचा. लेन्स ९० अंशांची. ६० अंशांची लेन्स उथळ टँकमध्ये एकाच जागी प्रकाशाचा झोत टाकते आणि त्याखालचा झोआ पांढरा पडतो.

चिपेवरचा आकडा ७०० मिलिअँपिअर असला तरी ५०० वरच चालवा. खोलीच जर ४० अंशांची असेल तर हीटसिंक सहज ५५-६० ला जातो, आणि जांभळ्या चिपा उष्णतेनं निळ्यापेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात. हीटसिंकवर बोट पाच सेकंद ठेवता येत नसेल तर एक छोटा १२ व्होल्टचा पंखा लावा.

चौघी चिपा सीरीजमध्ये जोडा: ड्रायव्हरचा प्लस पहिलीच्या प्लसला, पहिलीचा मायनस दुसरीच्या प्लसला, असं करत शेवटचा मायनस ड्रायव्हरच्या मायनसला. चौघींचे मिळून १३.६ व्होल्ट होतात, २४ व्होल्टमधनं ते आरामात निघतात. स्टार बोर्ड उष्णता ओढून घेतो, त्यामुळं २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्ननं टाका ‘थंड’ बसतो. ६० वॉटचा वापरा आणि दोन सेकंदांत काम उरका. एक गोष्ट इथं विशेष: उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की स्वेटर नसतानाही हाताला ठिणगी लागते. जांभळ्या चिपा स्थिर विजेला नाजूक. चिप हातात घ्यायच्या आधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा, टेबलावर प्लास्टिक अंथरू नका. नवीन चिप पहिल्याच दिवशी मंद जळते किंवा लुकलुकते त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

दुसरं कारण म्हणजे ड्रायव्हर चालू असताना चिपांची वायर जोडणं. मोकळ्या ड्रायव्हरच्या तोंडाशी जास्त व्होल्टेज साठलेलं असतं, वायर टेकली की सगळं एकदम चिपेत घुसतं. आधी जोडणी, मग बटण. नेहमी.

पट्टी पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर टांगा. खाली चार मिलिमीटरची साधी काच किंवा अॅक्रिलिक ठेवा. ४०० चा जांभळा यातनं जवळपास पूर्ण जातो आणि चिपांवर मीठ बसत नाही. पॉलिकार्बोनेट शीट वापरू नका, ती नेमका याच पट्ट्याचा प्रकाश खाते आणि पिवळीही पडते. वायरला सॉकेटच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी प्लगमध्ये न शिरता खाली टपकेल. टँकचा पूर्ण बोर्ड ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचवर) घ्या. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, महिन्यातनं दोनदा त्यात बादलीभर पाणी ओता. खाऱ्या पाण्याच्या टँकला कोरडी अर्थिंग म्हणजे अर्थिंग नसल्यातच जमा.

किती टक्के, किती तास

पहिला आठवडा: १० टक्के, दुपारचे दोन तास. मग दर आठवड्याला ५ टक्के आणि एक तास वाढवा. तास सहावर थांबवा, टक्के ४० ते ५० वर. बाकीचा लाइट आठ ते दहा तास चालतो तसाच चालू द्या, मात्र जांभळ्यानं जितके पार वाढवले तितका निळा कमी करा. मीटर नसेल तर जांभळा दर १० टक्के वाढवताना निळा दोन-तीन टक्के उतरवा. जांभळा सकाळ-संध्याकाळी एकटा चालवून टँक ‘डिस्को’ करायची टूम आहे. दिसायला छान, कोरलला त्यानं काही मिळत नाही. तासभराच्या वर नको.

मुंबईहून रात्रीच्या बसनं पिशवीतनं आलेला नवीन फ्रॅग पहिले दोन आठवडे जांभळ्याच्या बाहेर, कोपऱ्यात खाली ठेवा. आठ-दहा तास अंधारात काढून आलेल्या कोरलला सगळ्यात आधी हवं असतं स्थिर पाणी. झोआ हाताळताना हातमोजे घाला आणि डोळ्याला हात लावू नका. काही झोआंत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं.

कार्बनचा फटका

हा भाग नवख्यांना कुणी सांगत नाही. टँकचं पाणी हळूहळू पिवळं पडतं. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ सगळ्यात आधी शोषतात ते जांभळा आणि अतिनील. म्हणजे तीन महिने फिल्टरमधला कार्बन (पाणी स्वच्छ करणारा कोळसा) बदलला नसेल तर तुमचा ४० टक्के जांभळा कोरलपर्यंत पूर्ण पोचतच नसतो आणि कोरल त्या कमी प्रकाशाला सरावलेलं असतं. मग एके रविवारी कार्बनची मोठी पिशवी टाकली जाते, रात्रीत पाणी काचेसारखं होतं आणि दोन-तीन दिवसांत झोआ मिटतात. दोष कार्बनला दिला जातो, खरं कारण प्रकाशाची उडी.

उपाय साधा. दोन पांढऱ्या बादल्या घ्या, एकीत ताजं मिठाचं पाणी, दुसरीत टँकचं. शेजारी ठेवून वरनं बघा. टँकचं पिवळसर दिसलं तर १०० लिटरला २५ ग्रॅम कार्बननं सुरुवात करा, आठवड्यानं ५० ग्रॅम, आणि पहिल्या दिवशीच जांभळा चॅनल निम्म्यावर आणा. पुढं दर तीन-चार आठवड्यांनी ५० ग्रॅम नियमानं बदलत राहिलात तर उडी येतच नाही.

कोरल काय सांगतं ते कसं वाचायचं

मशरूमच्या कडा वर वळल्या, आकार आकसला: प्रकाश जास्त. त्याच मशरूमनं मान लांबवून कपासारखा आकार केला तर प्रकाश कमी. झोआ दुपारी बारा ते दोन मिटतो आणि संध्याकाळी उघडतो: जांभळ्याचा दुपारचा जोर जास्त, तास कमी करा. सगळ्या दिवसभर मिटलेला असेल तर लाइटकडं बघू नका, आधी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) आणि सॅलिनिटी मोजा, किडेही शोधा. लेदर मेणासारखा होऊन आठवडाभर पॉलिप आत घेतो तेव्हा तो कात टाकत असतो, घाबरायचं कारण नाही.

पांढरं पडणं कशामुळं हे ओळखायची एक खूण: प्रकाशानं पांढरं पडतं ते वरच्या बाजूला आधी, सावलीतली बाजू रंग धरून राहते. उष्णतेनं पडतं ते सगळीकडून, खालनंसुद्धा. पहिल्या प्रकारात जांभळा बंद करा आणि निळा २० टक्के उतरवा. दुसऱ्यात थर्मामीटर बघा. दोन्हीत नवीन औषधं, अमिनो, आयोडीन टाकत बसू नका.

लाइट गेल्यावर

भारनियमनात दोन-चार तास अंधार झाला तर कोरलला काही होत नाही. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) घ्या, टँकचा लाइट मुळीच नको. पाणी थांबलं तर तासाभरात ऑक्सिजन घसरू लागतो, अंधारात तर अधिकच, कारण शैवालही ऑक्सिजन घ्यायला लागतं.

खरा घोळ टायमरचा. फिरत्या चकतीचा टायमर लाइट गेली की थांबतो, आणि आठवड्याभरात दुपारचा कार्यक्रम संध्याकाळी सुरू होतो. त्यात जांभळा आणि निळा वेगवेगळ्या टायमरवर असतील तर मधले तास फक्त जांभळा चालतो. बॅटरी बॅकअप असलेला डिजिटल टायमर घ्या आणि दोन्ही चॅनल एकाच कंट्रोलरवर ठेवा. काही स्वस्त कंट्रोलर लाइट परत आल्यावर सगळे चॅनल १०० टक्क्यांवर चालू करतात. विकत घेतल्या दिवशीच प्लग काढून-लावून हे तपासा, टँकवर टांगायच्या आधी.

दर पंधरा दिवसांनी खालची काच ओल्या फडक्यानं आणि आरओच्या पाण्यानं पुसा. मिठाचा पातळ थरही बराच प्रकाश अडवतो, आणि तीन महिन्यांनी एकदम पुसली तर कार्बनसारखाच फटका बसतो. चिपेच्या वरची सिलिकॉनची टिकली पिवळी किंवा भेगाळलेली दिसली तर ती चिप बदला. एकच चिप बदलली तरी नवीन चिपेच्या बरोबर खाली असलेला फ्रॅग दोन आठवडे बाजूला सरकवून ठेवा.